विकलेली गाडी, तळहातावर

हैदराबादला बहादूरपुऱ्यात, प्राणिसंग्रहालयाजवळ, के. सुधाकर यांचं सुधा कार्स म्युझियम आहे. बॅट, कॅमेरा, बर्गर अशा आकारांच्या, खरोखर चालणाऱ्या गाड्या त्यांनी स्वतः घडवल्यात. तेवढा खटाटोप आपल्याला झेपायचा नाही. पण विकून टाकलेल्या आपल्या गाडीची छोटी प्रतिकृती घरी नक्की सजवता येते.

संग्राहकांचं एक आवडतं प्रमाण म्हणजे 1:43. मारुती 800 साधारण 3.3 मीटर लांब. या प्रमाणात ती जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर भरते. धातूचं मॉडेल तळाचे स्क्रू किंवा रिव्हेट काढून सुटं करायचं, काचा-चाकं बाजूला ठेवायची, जुना रंग उतरवायचा. मग प्राइमर, आणि त्यावर आपल्या गाडीचा रंग, पातळ थरांत. घाई केलीत की रंग ओघळलाच!

खरी गंमत नंबरप्लेटची. हैदराबादच्या गाड्यांवर आधी एपी, 2014 पासून टीएस आणि 2024 पासून टीजी. गाडी 2005 ची असेल, तर एपीच हवं. बंपरचा पोचासुद्धा दाखवावा, असं माझं मत.

तेव्हा गाडी विकण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा आणि आरसी बुकाची प्रत ठेवा. रंग नि नंबर त्यावरूनच जुळवता येतील.