घरासाठी काढलेले चित्र



पुस्तकाचे वेष्टन, दिनदर्शिका, औषधाच्या खोक्यावरील चित्र, दुकानाची पाटी अशी कामे करणाऱ्या कलावंतास पूर्वी आपण व्यावसायिक चित्रकार म्हणत असू. आज त्यास ग्राफिक डिझायनर म्हणतात. नाव बदलले, साधनेही बदलली, पण धंद्याची रीत तीच राहिली. चित्र केवढे असावे, त्यात मजकूर कोणता यावा आणि ते कोणत्या दिवशी हाती पडावे, हे गिऱ्हाईक ठरविते. या मर्यादांतही उत्तम काम होते, यात शंका नाही. परंतु हाच कलावंत घरच्या माणसांसाठी जे काही घडवितो, त्याची कोणी फारशी दखल घेत नाही. तो फावल्या वेळचा छंद समजला जातो. गोव्यातील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांकडे पाहिले म्हणजे हा समज कितपत बरोबर आहे, याचा विचार करावासा वाटतो.

गोव्याच्या इतिहासात घरगुती चित्राने एके काळी फार मोठी कामगिरी बजावली आहे. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली. पुढे १५६० साली धर्मसमीक्षण न्यायालय आले आणि ते १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ सोडल्यास, टिकले. मूर्ती घरात ठेवणे धोक्याचे झाले, तेव्हा काही कुटुंबांनी कागदावर काढलेल्या गणपतीची आणि पत्रीची पूजा सुरू केली, असे परंपरा सांगते. कागद घडी करून लपविता येतो. गोव्यातील काही घरांत कागदाच्या गणपतीची ती प्रथा आजही पाळली जाते. डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर धर्मच्छळाचा जोर ओसरला होता. म्हणून या तालुक्यांत देवळे राहिली, मातीची मूर्ती घडविणाऱ्या चित्रशाळा राहिल्या आणि चतुर्थीचा थाटही राहिला.

या थाटाकडे चित्रकाराच्या दृष्टीने पाहावे. पेडण्यात व पलीकडील सावंतवाडीच्या मुलखात कित्येक घरी गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने रंगविली जाते. मखर घरातील मुले करतात. मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातील व परसातील फळेफुले बांधतात, ती माटोळी. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, तोरिंगे, कवंडळे, आंबाडे, चिबूड अशा जिनसा चौकटीत बसवावयाच्या असतात. जड फळ कोठे बांधावे, पिवळ्याशेजारी हिरवे कसे दिसेल, कोणती जागा मोकळी सोडावी, हे प्रश्न मांडणीचे आहेत; आणि मांडणी हाच ग्राफिक डिझायनरच्या विद्येचा गाभा होय. १९७२ साली पणजीत गोवा कला महाविद्यालय सुरू झाले व तेथे उपयोजित कलेचे रीतसर शिक्षण मिळू लागले. पण तेथे पोचणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या मुलाने पहिला धडा बहुधा आजोबांच्या हाताखाली, माटोळीला दोऱ्या बांधता बांधता गिरविलेला असतो.

गोव्याने मराठी वाचकांना दोन थोर व्यावसायिक चित्रकार दिले. त्यांपैकी रघुवीर मुळगावकर यांचा जन्म डिचोलीच्या वाटेवरील अस्नोडा येथला. मुळगाव हे गाव तर डिचोली तालुक्यातलेच. मुळगावकरांची देवदेवतांची चित्रे दिनदर्शिकांवाटे घराघरांच्या भिंतींवर पोचली. दुसरे दीनानाथ दलाल. १९१६ साली जन्मलेल्या दलालांनी मुंबईत पुस्तकांची असंख्य वेष्टने रंगविली. परंतु तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हा स्वतःचा वार्षिक अंक काढला. येथे गिऱ्हाईक ते स्वतःच होते. चित्र कोणते छापावे, याचा निर्णय त्यांचा त्यांनीच करावयाचा होता. १९७१ साली दलाल निवर्तले, पण मराठी रसिक त्यांना आठवतात ते मुख्यत्वे या अंकासाठी. पोटासाठी केलेल्या कामाने हात तयार होतो. त्या हाताचे काय करावयाचे, हे ठरविण्याची मोकळीक असे स्वतःचे काम देते.

आज ही मोकळीक स्वस्त झाली आहे, आणि तरी तिचा उपयोग कमी होत आहे. मखर बाजारात तयार मिळते. भिंत रंगविण्याऐवजी छापील पडदा लावला की एका तासात काम उरकते. मुंजीची वा लग्नाची पत्रिका संगणकातील ठरीव नमुन्यावर नाव बदलून निघते. संगणकावर ज्या 'मंगल' टंकाने मराठी उमटते, तो घडविणारे र. कृ. जोशी हे मूळचे सुलेखनकार होते, हे आपण विसरतो. सोय वाईट नव्हे. चाकरमान्याला सुटीच चार दिवसांची मिळते. पण त्या सोयीबरोबर घराघरांतील फरक पुसला जातो आणि अस्नोड्याची भिंत व अंधेरीची भिंत एकसारखी दिसू लागते.

नुकसान केवळ शोभेचे नाही. लोहखनिजाच्या खाणींनी डिचोलीतील कित्येक टेकड्या पोखरल्या. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. माटोळीची रानफळे अशाच डोंगरउतारांवर व पठारांवर मिळत असत. कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा भरविते, त्यांतून स्पर्धकांची हौस व ज्ञान दिसून येते. पण आपल्या घरच्या माटोळीत वीस वर्षांपूर्वी कोणती फळे होती, असे विचारले तर किती घरांना उत्तर देता येईल?

या ठिकाणी घरातील ग्राफिक डिझायनरने पुढे यावे असे मला वाटते. दर चतुर्थीस त्याने आपल्या माटोळीचे एक चित्र काढावे. प्रत्येक फळाखाली आजी म्हणते तेच नाव लिहावे, ते कोणत्या डोंगरावरून कोणी आणले हे नोंदवावे आणि कोपऱ्यात साल घालावे. अक्षरे मुलांनी लिहावीत. ती वाकडी आली तरी चालतील. दहा वर्षांत दहा कागद होतील. त्यांत कुटुंबाचा इतिहास असेल, मुलांच्या हस्ताक्षराची वाढ असेल, आणि कोणते फळ कोणत्या साली दिसेनासे झाले याची खात्रीची नोंदही असेल. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकालाही ती उपयोगी पडेल.

अशा कामाचे बिल कोणी देणार नाही आणि ते कोठे छापूनही येणार नाही. पण त्यास वेळ किती लागतो? सणाच्या आदल्या रात्रीचे दोन तास. माटोळी विसर्जनानंतर उतरते, फळे वाटली जातात वा वाळून जातात. कागद मात्र फडताळात राहतो. घरासाठी जपलेल्या अशा कागदाने या भूमीत एकदा गणपती राखला आहे. आता त्याने या डोंगरांची फळे निदान स्मरणात राखावीत, एवढीच अपेक्षा.