जुने शहर, नवा शेजार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्याख्यानमालेत थोर विद्वान बोलून गेले तिच्यात आम्हांला पाचारण करण्यात चिटणीसांनी धाडसच केले आहे. विषय आमच्या मर्जीवर सोडला, हे त्यांचे दुसरे धाडस. आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा आम्ही अहिल्याबाईंवर किंवा यशवंतराव होळकरांवर बोलू, असा त्यांचा कयास असावा. आम्ही मात्र आपणांस अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील एका जुन्या शहरात नेणार आहोत आणि तेथील महाविद्यालयीन खेळांच्या एका विलक्षण व्यवहाराची हकीकत सांगणार आहोत. इतिहासाच्या शिक्षकाने खेळांच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

२०१८ च्या वसंतात आम्ही उभयता कन्येच्या बिऱ्हाडी चार्ल्सटन येथे होतो. साउथ कॅरोलिना राज्यातील हे बंदर इंग्रजांनी १६७० मध्ये वसवले आणि दहा वर्षांनी ॲश्ली व कूपर या दोन नद्यांमधल्या जिभेसारख्या भूभागावर हलवले. तेथील जुनी घरे मोठ्या नवलाची आहेत. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब बाजू अंगणाकडे. त्या लांब बाजूला खालीवर व्हरांडे, समुद्राचा वारा घेण्यासाठी. रस्त्यावरचे दार उघडावे तो घरात नव्हे, व्हरांड्यातच पाऊल पडते. १८८६ च्या भूकंपात भिंती खिळखिळ्या झाल्या, तेव्हा घरांतून आरपार लोखंडी सळया घातल्या. त्यांच्या टोकांच्या ढालीसारख्या चकत्या भिंतींवर अद्याप दिसतात. आमच्या सौभाग्यवतींनी तर घरे पाहणे सोडून त्या चकत्याच मोजायला प्रारंभ केला!

हे सारे टिकले कसे? यादवी युद्धाची पहिली तोफ १८६१ मध्ये याच बंदराच्या तोंडाशी, सम्टर किल्ल्यावर डागली गेली आणि युद्धानंतर शहराला दारिद्र्याने घेरले. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा पुष्कळांपाशी उरला नाही. दारिद्र्याने जे राखले ते पुढे कायद्याने राखले. १९३१ मध्ये चार्ल्सटनने ऐतिहासिक वस्तीची हद्द आखून तेथील इमारतींसाठी नियम केले. अमेरिकेत असे करणारे हे पहिले शहर. तेव्हापासून त्या वस्तीत रस्त्यावरून दिसणारे घराचे रूप बदलायचे तर नगरीने नेमलेल्या मंडळापुढे जावे लागते. आज जगभरचे प्रवासी तेथे येतात, आणि विद्यार्थीही येतात. भर वस्तीत १७७० साली स्थापन झालेले चार्ल्सटन महाविद्यालय उभे आहे. आवारातील ओक वृक्षांच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबतात आणि त्यांखालून मुले पुस्तके घेऊन जातात. अशा ठिकाणी चार वर्षे काढायला मिळावीत असे कोणत्या तरुणाला वाटणार नाही?

त्याच शहरात दोन-अडीच मैलांवर दुसरे एक जुने महाविद्यालय आहे, सिटाडेल. १८४२ साली स्थापन झालेले, लष्करी शिस्तीचे, गणवेशाचे. एकाच गावातील दोन महाविद्यालये म्हटल्यावर खेळाच्या मैदानावर चुरस आलीच. आमच्या हकीकतीचा आरंभ येथे होतो.

आपल्याकडे आंतरविद्यापीठीय स्पर्धांचे विभाग पाडले जातात ते नकाशा पाहून: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. कोणत्याही विद्यापीठाला आपला विभाग बदलून दुसरा, अधिक श्रीमंत विभाग मागता येत नाही. अमेरिकेत तसे नाही. तेथे महाविद्यालये आपापसांत करार करून एक संघटना उभारतात. तिला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. सभासदांनी वर्षभर एकमेकांशी सामने खेळायचे, अखेरीस स्पर्धा भरवून विजेता ठरवायचा आणि मिळकत वाटून घ्यायची. करार असल्यामुळे तो मोडताही येतो. एक कॉन्फरन्स सोडून दुसरीत जाण्याच्या या सत्राला तेथील लोक जे नाव देतात, त्याला आम्ही ‘फेरमांडणी’ म्हणू.

सिटाडेल १९३६ पासून ‘सदर्न कॉन्फरन्स’ची सभासद आहे. ही संघटना १९२१ ची. एखाद्या जुन्या घराण्याप्रमाणे तिच्या वाटण्या होत गेल्या. १९३२ च्या डिसेंबरात तेरा सभासद बाहेर पडले. त्यांनी स्थापलेली ‘साउथईस्टर्न’ आज देशातील सर्वांत धनाढ्य संघटनांपैकी एक आहे. १९५३ मध्ये आणखी सात गेले आणि ‘ॲटलांटिक कोस्ट’ निर्माण झाली. दोन्ही लेकी सधन झाल्या, आई जुन्या वाड्यात राहिली. १९९८ मध्ये चार्ल्सटन महाविद्यालय या वाड्यात राहावयास आले, आणि पंधरा वर्षे एकाच शहरातील दोन्ही महाविद्यालये एकाच कॉन्फरन्समध्ये नांदली. गावातल्या गावात दरवर्षी सामना, आणि त्या सामन्याचे गुण तक्त्यात धरले जात. २०१३ मध्ये चार्ल्सटन महाविद्यालयाने ती संघटना सोडली व ‘कलोनियल ॲथलेटिक असोसिएशन’मध्ये प्रवेश केला. घर तेच, गल्ली तीच, शेजार मात्र बदलला.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८४ पर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर किती आणि कोणते दाखवायचे, हे राष्ट्रीय क्रीडासंस्था ठरवीत असे. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. तेव्हापासून प्रत्येक कॉन्फरन्स आपले सामने स्वतः विकू लागली आणि शेजारी कोण, यापेक्षा प्रेक्षक किती, हा प्रश्न मोठा झाला. २०२२ मध्ये ‘बिग टेन’ या कॉन्फरन्सने सात वर्षांसाठी केलेले दूरचित्रवाणीचे करार सात अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचे असल्याचे प्रसिद्ध झाले. नावात दहा असले तरी तिचे सभासद आज अठरा आहेत. उलट, १९१५ पासूनची परंपरा सांगणारी पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ ही संघटना २०२४ मध्ये बारांपैकी दहा सभासद गमावून बसली. उरलेल्या दोघांनी नवे सभासद जमवून तिचा जीर्णोद्धार आरंभला. पांगलेल्यांपैकी स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिककाठची विद्यापीठे आता ॲटलांटिक किनाऱ्याचे नाव धारण करणाऱ्या कॉन्फरन्समध्ये खेळतात! भूगोलाच्या शिक्षकांनी याकडे कानाडोळा करावा हे उत्तम.

हे झाले थोरामोठ्यांचे. चार्ल्सटन महाविद्यालयात तर फुटबॉलचा संघच नाही. त्यांचा जीव बास्केटबॉलमध्ये, आणि त्यांना हवा होता बास्केटबॉलमधील मोठा दर्जा. ज्या कॉन्फरन्समध्ये ते गेले तिचे नाव ‘कलोनियल’ म्हणजे वसाहतकालीन, आणि ते नाव तिला साजेसेही होते. १६९३ साली स्थापन झालेले विल्यम अँड मेरी महाविद्यालय तिचे मूळ सभासद. ज्या विल्यम्सबर्ग गावी ते आहे ते व्हर्जिनियाच्या राजधानीचे जुने ठिकाण, आणि १९२० नंतरच्या दशकांत ते जुन्या रूपात पुन्हा उभारले गेले. बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांतील महाविद्यालयेही तीत होती. परंतु चार्ल्सटनची वरात दाराशी येते न येते तोच घरातली माणसे मागल्या दाराने निघाली होती. २००६ मध्ये जॉर्ज मेसन आणि २०११ मध्ये रिचमंड शहरातील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ, या कॉन्फरन्समधील दोन लहान संघांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चौघांत मजल मारून देशाला थक्क केले होते. २०१३ पर्यंत दोघेही दुसरीकडे गेले. यशाचे बक्षीस म्हणून घर सोडण्याची मुभा मिळते, असा हा न्याय. रिचमंडमध्ये वर्षानुवर्षे भरणारी कॉन्फरन्सची अंतिम स्पर्धाही तेथून उठली. ती तीन वर्षे बाल्टिमोर येथे भरली, मग २०१७ पासून तीन वर्षे नॉर्थ चार्ल्सटन येथे आणि नंतर वॉशिंग्टनला गेली.

येथे जुन्या शहराचा ओढा कामी आला, असे आमचे निरीक्षण आहे. बोस्टनहून संघाबरोबर आलेले पालक सामना दोन तास पाहत आणि उरलेले दोन दिवस चार्ल्सटनच्या गल्ल्या हिंडत. २००८ पासून नोव्हेंबरात चार्ल्सटन महाविद्यालयाच्या क्रीडागृहात एक निमंत्रितांची स्पर्धा भरत आली आहे. तिला नामांकित विद्यापीठांचे संघ येतात ते कोणत्याही कॉन्फरन्सच्या बंधनामुळे नव्हे. बोलावणे चार्ल्सटनचे असते, एवढे त्यांना पुरते.

२०१८ च्या मार्चमधील अंतिम सामना पाहावयास कन्येने आम्हांस नेले. चार्ल्सटन महाविद्यालय विरुद्ध बोस्टनचे नॉर्थईस्टर्न. यजमान मोठ्या फरकाने मागे पडले, मग सावरले, सामना जादा वेळेत गेला आणि यजमान जिंकले. एकोणीस वर्षांनी त्यांना राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडले होते. खेळाचे नियम आम्हांला निम्मेशिम्मे कळत होते, तरी आम्हीही उभे राहून टाळ्या पिटत होतो. आमच्या शेजारी एक वृद्ध सद्‌गृहस्थ बसले होते. ते मात्र बसून सौजन्यापुरत्या टाळ्या वाजवीत. बोलता बोलता कळले, ते सिटाडेलचे माजी विद्यार्थी. ‘‘आमची स्पर्धा ॲशव्हिलला भरते,’’ ते म्हणाले. ‘‘मोटारीने चार तासांहून अधिक. दरसाल जातो. येथे मात्र नातीसाठी आलो आहे, ती या महाविद्यालयात शिकते.’’ त्यांच्या गावातील या मंडपात त्यांच्या महाविद्यालयाला स्थान नव्हते. दोन्ही संघांची गाठ मधूनमधून अजूनही पडते, परंतु त्या सामन्याचे गुण कोणत्याही तक्त्यात धरले जात नाहीत. आजोबा आणि नात यांच्यातला पैजेचा सामना तेवढा उरला.

आम्ही त्यांना विचारले, आपल्या घराची खिडकी बदलायची झाली तर? ते हसले. म्हणाले, नकाशे काढावे लागतील, मंडळापुढे जावे लागेल, शेजारी हरकत घेतील. शेजाऱ्यांचा सामना मोडताना मात्र कोणाची परवानगी लागली नाही.

आमचे मन त्या रात्री अस्वस्थ होते, हे कबूल केले पाहिजे. तथापि इतिहासाच्या शिक्षकाने एकाच बाजूने रडू नये. चार्ल्सटनची ती देखणी घरे ज्यांच्या श्रमांवर उभी राहिली, ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक याच बंदरात उतरवले गेले. घरांची जपणूक १९३१ मध्ये कायद्याने सुरू झाली, आणि जुन्या गॅड्सडेन धक्क्याच्या जागेवर त्या लोकांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडायला २०२३ साल उजाडले. काय जपायचे हे निवडणारे हात असतात. दक्षिणेतील जुन्या कॉन्फरन्सही अशाच होत्या. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना त्यांत प्रवेश नव्हता, त्यांनी आपल्या वेगळ्या संघटना काढल्या. २०२२ मध्ये हॅम्प्टन आणि नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी ही कृष्णवर्णीय परंपरेची दोन महाविद्यालये याच कलोनियल संघटनेत आली. १९६० मध्ये ग्रीन्सबरो येथील दुकानाच्या उपाहार-टेबलाशी बसून ज्या चार विद्यार्थ्यांनी वर्णभेदाला आव्हान दिले ते या ए अँड टीचे. त्यांच्या जुन्या सोबत्यांना हे स्थलांतर बोचले असेलच. पण फेरमांडणीने एक बंद दारही उघडले, हे नाकारता येत नाही. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, संघटनेने ‘कलोनियल’ हे नाव टाकून ‘कोस्टल’ म्हणजे किनाऱ्याची, असे नाव घेतले. आद्याक्षर तेच राहिले, तेव्हा नव्या पाट्यांचा खर्च थोडा वाचला असेल. आता तिच्यात समुद्रापासून पुष्कळ आतली महाविद्यालयेही आहेत, ही गोष्ट वेगळी.

हे सारे आम्ही इंदुरात का सांगत आहोत, हे येथील वडीलधाऱ्यांनी ओळखले असेल. १९४१ ते १९५५ या काळात आपल्या होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावे आमच्या वडिलांच्या तोंडी देवादिकांसारखी असत. संस्थान विलीन झाले, पुढे संघही गेला आणि त्याच्या जागी प्रांताचा संघ आला. ते इतिहासाच्या ओघात झाले, कोणा वाहिनीच्या करारासाठी नव्हे, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. तरी २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीतले एक आजोबा पेढे वाटताना म्हणाले, ‘‘होळकर जिंकले!’’ त्यांना कोणी दुरुस्त केले नाही.

चार्ल्सटनच्या त्या गृहस्थांचे नाताळचे पत्र दरवर्षी येते. नात पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात नोकरीला गेली आहे. ती सुटीत घरी येईल त्या सुमारास दोन्ही संघांचा सामना आहे का, हे आम्ही वेळापत्रकात पाहून कळवावे, अशी त्यांची या खेपेची मागणी आहे. त्यांना स्वतःला ते कळणार नाही असे नाही. आम्हीही वेळापत्रक मागवले आहे.