ब्राउन्सी बेटावरचा दिवस

स्काउट शिबिराचा जो दिनक्रम आज जगभर कमीअधिक फरकाने पाळला जातो, त्याची पहिली आखणी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर झाली. डॉर्सेट परगण्यात पूल नावाचे मोठे नैसर्गिक बंदर आहे. त्या बंदराच्या पोटात ब्राउन्सी हे लहानसे झाडीदार बेट आहे. बेट तेव्हा चार्ल्स व्हॅन राल्टे यांच्या खासगी मालकीचे होते. त्यांच्या परवानगीने ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी तेथे वीसएक मुले आठवडाभर तंबूत ठेवली. बेडन-पॉवेल तेव्हा पन्नास वर्षांचे होते. दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगच्या वेढ्यात २१७ दिवस तग धरल्यामुळे त्यांचे नाव इंग्लंडमध्ये घरोघर पोहोचले होते. सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे टेहळणीचे पुस्तक मुलेच आवडीने वाचत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले होते. सैनिकाला शिकवायची टेहळणी शांततेच्या काळातल्या मुलाला उपयोगी पडेल का, आणि पडणार असेल तर ती कशी शिकवावी, हे त्यांना पाहायचे होते. म्हणून ब्राउन्सीचे शिबिर हा एक प्रयोग होता.

मुलांची निवड हाच प्रयोगाचा पहिला भाग होता. निम्मी मुले ईटन, हॅरो यांसारख्या श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती. उरलेली पूल आणि बोर्नमथ या जवळच्या गावांतल्या बॉइज ब्रिगेड या मुलांच्या संघटनेतली, म्हणजे कामकरी आणि साध्या घरांतली होती. शुल्कही दोन प्रकारचे होते. श्रीमंत शाळांच्या मुलांनी एक पौंड द्यायचा, बाकीच्यांनी साडेतीन शिलिंग. एका पौंडाचे वीस शिलिंग होत असत, म्हणजे जवळजवळ सहापट फरक. तंबू, जेवण आणि काम मात्र सगळ्यांना एकच. वर्गभेद हाडीमाशी खिळलेल्या त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशी मुले एका पंगतीला बसवणे हे धाडसच म्हणायला हवे. बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्या डोनल्डही बरोबर होता. तो वयाने सर्वांत लहान, आणि काकांचे निरोप पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे होते. मदतीला सैन्यातले जुने मित्र केनेथ मॅकलॅरन होते.

मुलांचे चार संघ केले होते: लांडगा, बैल, कर्ल्यू आणि डोमकावळा. कर्ल्यू हा लांब बाकदार चोचीचा किनारपक्षी. मराठीत त्याला कुरल म्हणतात. प्रत्येक संघात पाच-सहा मुले. खांद्यावर लोकरीच्या रंगीत धाग्यांची गाठ असे. लांडग्यांची निळी, बैलांची हिरवी, कुरलांची पिवळी आणि डोमकावळ्यांची तांबडी. संघनायकाच्या हातात काठी आणि काठीला प्राण्याचे चित्र असलेले छोटे निशाण. प्रत्येक संघाचा तंबू वेगळा आणि तंबूची जागाही वेगळी होती. काम आणि खेळ दोन्ही संघानेच करायचे. संघातल्या मुलांच्या वागणुकीची जबाबदारी संघनायकावर, आणि संघनायक हाही मुलगाच. पुढे ‘संघपद्धती’ या नावाने जी गोष्ट स्काउटिंगचा कणा ठरली, ती या चार तंबूंतून उभी राहिली. वीस मुलांवर एक मोठा माणूस नेमला की मुले त्याच्या नजरेला जपतात, आणि पाच मुलांमध्ये एक मुलगा नेमला की ती एकमेकांना जपतात. शाळेच्या वर्गात हे घडत नाही, कारण तिथे साऱ्या जबाबदाऱ्या फळ्याजवळ उभ्या असलेल्या एकाच माणसाकडे असतात.

दिवस सहाला सुरू होई, तो शिंगाच्या आवाजाने. कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचे हे लांब, पीळदार शिंग बेडन-पॉवेल यांनी १८९६ च्या, आफ्रिकेतल्या माताबेले मोहिमेतून आणले होते. त्याचा आवाज बिगुलासारखा तीक्ष्ण नसतो. तो खोल, घोगरा आणि दूरवर जाणारा असतो. उठल्यावर अंथरूण-पांघरूण उन्हावाऱ्याला टाकायचे, कोको किंवा गरम दूध आणि बिस्किटे घ्यायची आणि व्यायामाला उभे राहायचे. त्यानंतर तंबू आणि आसपासची जागा झाडून स्वच्छ करायची. आठच्या सुमारास सगळे संचलनाला जमत, प्रार्थना होई आणि निशाण चढे. हे निशाण माफेकिंगच्या वेढ्यात फडकलेले होते. मगच न्याहारी. पोटात थोडे काही गेल्यावर अंग हलवायचे, अंग हलल्यावर जागा स्वच्छ करायची आणि हे सगळे झाल्यावर भरपेट खायचे, हा क्रम पुढे शिबिरांच्या अंगवळणी पडला.

न्याहारीनंतरचा वेळ त्या दिवसाच्या विषयाचा. आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाला एक विषय नेमून दिला होता. सुरुवातीला रानात राहण्याची कला: झोपडी बांधणे, गवताच्या चटया विणणे, गाठी मारणे, विस्तव पेटवणे, अन्न शिजवणे, अनोळखी मुलखात वाट काढणे, होडी हाकणे. मग निरीक्षण: जवळच्या आणि लांबच्या खुणा टिपणे, पावलांचे ठसे वाचणे आणि त्यांवरून काय घडले असेल ते ताडणे. त्यानंतर प्राणी, पक्षी, झाडे आणि तारे यांची ओळख, आणि चाहूल न लागू देता प्राण्याच्या जवळ जाणे. पुढचा दिवस शौर्य आणि सौजन्याचा होता. जुन्या सरदारांच्या ब्रीदापासून रोज एक तरी चांगले काम करण्यापर्यंतच्या गोष्टी त्यात येत. मग जीव वाचवणे: आग, बुडणे, गटारातला विषारी वायू, उधळलेला घोडा, रस्त्यावरचा अपघात, प्रथमोपचार. आणि सातवा दिवस देशभक्तीचा.

या यादीपेक्षा ती शिकवण्याची रीत जास्त मोलाची आहे. एखाद्या विषयावर सलग व्याख्यान दिले तर मुले कंटाळतात, हे बेडन-पॉवेल यांनी शिबिराच्या अहवालात स्पष्ट नोंदवले आहे. म्हणून विषयाचे तुकडे पाडले. एक तुकडा आदल्या रात्री शेकोटीपाशी गोष्टीतून सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच हातांनी करून पाहायचा. ठशांची गोष्ट रात्री ऐकलेली असे, म्हणून सकाळी ठसा दिसला की मुलाला तो ओळखीचा वाटे. त्यानंतर त्याच विषयावरचा खेळ असे, म्हणजे ज्याला नीट आले नाही त्याला ते खेळताना कळे आणि कुणी रागावायची गरज पडत नसे. गोष्ट, कृती आणि खेळ अशा तीन वाटांनी एकच गोष्ट मुलापर्यंत पोहोचे. शाळेत यातली पहिली वाट पुष्कळ वापरतात, दुसरी थोडी आणि तिसरी वापरायला संकोचतात.

दुपारच्या आधी समुद्रात पोहणे आणि मग जेवण. जेवणानंतरची विश्रांती सक्तीची होती, आणि तीही बोलण्याला मनाई करून. या तासाची नोंद फारसे कोणी घेत नाही. खरे पाहता शिबिर त्याच्यावरच तरून जाते. नव्या सोबत्यांत, मोकळ्या हवेत, सारखे काहीतरी करत असलेल्या मुलाला आपण थकलो आहोत हे कळत नाही. ते त्याला तिसऱ्या दिवशी तापाने किंवा भांडणाने कळते. दुपारची सक्तीची शांतता हा त्यावरचा उपाय होता, आणि तो लष्करात दीर्घकाळ काढलेल्या माणसालाच सुचण्यासारखा होता.

दुपारी पुन्हा विषयाचे काम आणि पाचच्या सुमारास चहा. संध्याकाळ खेळांची. त्यातला देवमाशाच्या शिकारीचा खेळ मुलांना विशेष आवडे. लाकडाच्या ओंडक्याला डोके-शेपूट करून तो पाण्यात सोडायचा, दोन बाजूंनी दोन होड्या निघायच्या, आणि जो संघ आधी भाला मारून ओंडका आपल्या किनाऱ्याकडे ओढील तो जिंकला. वल्ही मारणे, सुकाणू धरणे, नेम, दोराच्या गाठी, आणि होडीत कुणी काय करायचे ते आधी ठरवणे, हे सगळे एका खेळात आले. खेळ संपल्यावर अंग खरखरीत टॉवेलने कोरडे चोळायचे आणि कपडे बदलायचे, हाही वेळापत्रकातलाच भाग. ओल्या कपड्यांनी शेकोटीला बसायचे नाही.

शेकोटी ही दिवसाची शेवटची बैठक. शिबिराला भेट द्यायला आलेले संपादक पर्सी एव्हरेट यांनी पुढे या रात्रींबद्दल लिहिले आहे. बेडन-पॉवेल हे उत्तम गोष्ट सांगणारे होते. पक्ष्यांचे आवाज काढणे, नक्कल करणे आणि उठून अभिनय करणे त्यांना सहज जमे. आफ्रिकेत ऐकलेल्या झुलू घोषगीतावर मुले ताल धरत. भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या टेहळणीच्या प्रत्यक्ष हकिगती ते सांगत, आणि त्यांतच उद्याच्या धड्याचे बीज असे. मग प्रार्थना, आणि साडेनऊच्या सुमारास दिवे बंद.

चारपैकी एक संघ मात्र रात्री तंबूत झोपत नसे. रोज पाळीपाळीने एका संघाला रात्रीच्या पहाऱ्यावर पाठवत. पीठ, बटाटे, मांस, चहा असा शिधा मोजून घ्यायचा, प्रत्येकाने आपला कोट, पांघरुणे, शिजवण्याचे भांडे आणि काडेपेटी उचलायची आणि बेटावर नेमून दिलेल्या जागी जायचे. तिथे विस्तव पेटवायचा, जेवण शिजवायचे, पहारेकरी उभे करायचे. रात्री अकराच्या आधी केव्हातरी इतर संघांचे नायक आणि खुद्द बेडन-पॉवेल त्यांच्यावर चाल करत, म्हणजे त्यांना न दिसता जवळ पोहोचायचा प्रयत्न करत. त्यानंतर पहारे उठत आणि संघ उघड्यावरच झोपी जाई.

अख्ख्या शिबिरात याहून मोठी गोष्ट नव्हती. दिवसभर शिकलेले सारे इथे एकदम लागे: विस्तव, स्वयंपाक, दिशा, कानोसा, धीर. शिवाय ते मोठ्यांच्या नजरेआड लागे. एरवी जेवण मोठ्या तंबूत तयार मिळे, कारण शिजवायला वेगळी माणसे होती. पहाऱ्याच्या रात्री बटाटा कच्चा राहिला तर कच्चाच खावा लागे. घरी नोकरांच्या हाताने जेवणारा मुलगा आणि घरी आईला मदत करणारा मुलगा एकाच चुलीपाशी बसले की कोणाला काय येते हे लपत नाही. समतेवरच्या प्रवचनाने जे साधले नसते, ते ओल्या लाकडांच्या धुराने साधले.

शिस्तीची व्यवस्थाही याच विश्वासावर उभी होती. आज्ञा पाळण्याचे वचन मुलाच्या प्रामाणिकपणावर सोडलेले असे. बेडन-पॉवेल यांच्या अहवालानुसार ही पद्धत पूर्ण यशस्वी ठरली. हिशेबाच्या बाजूने यश तितके पुरे नव्हते. खर्च सुमारे ५५ पौंड झाला आणि त्यात २४ पौंडांच्या आसपास तूट आली. एका मुलाच्या वडिलांनी ती भरून काढली. शेवटच्या दिवशी आठवडाभराच्या विषयांवरचे खेळ झाले आणि मुले घरोघर परतली.

जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पंधरवड्याला एक असे सहा भागांत निघाले. त्यातला बराच मजकूर ब्राउन्सीवर पारखून घेतलेला होता. परात नसेल तर कोट उलटा पसरून त्यावर पीठ कसे मळावे इथपर्यंतचे तपशील त्यात आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थंबरलंडमधल्या हम्शॉ येथे पुढचे मोठे शिबिर भरले. कुडूचे शिंग १९१९ मध्ये पुन्हा वाजले, ते गिलवेल पार्क येथे स्काउट शिक्षकांच्या पहिल्या प्रशिक्षण शिबिराच्या वेळी.

भारतात ही चळवळ १९०९ मध्ये बंगळूरला आली, पण ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. ब्राउन्सीवर श्रीमंत आणि कामकरी मुलांना एका पंगतीला बसवणारी ही चळवळ हिंदी मुलांसाठी दार बंद ठेवून होती. त्या शिबिरातला सातवा, देशभक्तीचा दिवस साम्राज्याच्या गौरवाचा होता, हे लक्षात घेतले तर हा विरोधाभास अनाकलनीय राहत नाही. क्षम्य मात्र तो ठरत नाही. दार उघडण्याची वाट न पाहता अॅनी बेझंट यांनी मद्रासकडे हिंदी मुलांची स्वतंत्र स्काउट संघटना काढली. अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या स्काउट संघटनेचा पाया घातला. बेडन-पॉवेल १९२१ मध्ये भारतात आले. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ या नावाखाली एक झाल्या, आणि पुढच्या वर्षी मुलींची गाइड संघटनाही त्यात आली. मराठीत स्काउटला ‘बालवीर’ हा शब्द पूर्वीपासून रूढ आहे.

भारतातल्या शिबिरातही ब्राउन्सीचा सांगाडा ओळखू येतो. सकाळचा ‘बी. पी. सिक्स’ हा सहा प्रकारांचा व्यायाम, तंबूंची तपासणी, ध्वजवंदन आणि प्रार्थना, संघानुसार काम, भांड्यांविना स्वयंपाक आणि रात्रीची शेकोटी, सगळे त्याच ओळीत आहे. उन्हाळी सुट्टीतले शिबिर मात्र घड्याळाचे काटे सरकवून घेते. इंग्लंडच्या ऑगस्टमध्ये भरदुपारी माग काढता येतो. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात मैदानी काम सकाळी लवकर उरकून घ्यावे लागते आणि पुन्हा ऊन उतरल्यावरच हाती घेता येते. त्यामुळे दुपारची विश्रांती लांबते आणि गाठी बांधणे, नकाशा वाचणे, प्रथमोपचार अशी कामे झाडाच्या सावलीत होतात. सरपण आणि पाणी यांची मोजदाद अधिक काटेकोर लागते.

ब्राउन्सी बेट १९२७ मध्ये नव्या मालकिणीकडे गेले आणि बाहेरच्यांसाठी बंद झाले. पुढे १९६० च्या दशकात ते नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आले आणि तिथे पुन्हा स्काउटांचे तंबू पडू लागले. १९६७ मध्ये पहिल्या शिबिराच्या स्मरणार्थ शिळा बसवण्यात आली. १ ऑगस्ट २००७ रोजी, शंभर वर्षे पूर्ण झाल्याच्या दिवशी, त्या बेटावर सकाळी आठ वाजता पुन्हा कुडूचे शिंग फुंकले गेले.