आपला अंक शोधणारीला सापडतो का?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचं सत्र आणि त्यात संगणकाचा विषय. काहीजणी डुलक्या काढणार हे गृहीत धरूनच मी उभी राहिले आहे. पण खरं तर हा विषय संगणकाचा नाही. आपण जे लिहितो ते कुणाच्या हाती लागतं, याचा आहे.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं. आज आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात त्याचं नाव निघतं. पण डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणलं, तेव्हा ते बहुतेकांना ठाऊक झालं. मधली नव्वदहून अधिक वर्षं पुस्तक जगात होतं, बायकांच्या हाती मात्र नव्हतं. छापलं जाणं वेगळं आणि सापडणं वेगळं.

आता आपल्या वार्तापत्रांकडे बघा. छपाईचा आणि टपालाचा खर्च परवडेना म्हणून अनेक गटांनी अंक ऑनलाइन नेले. अंक तयार झाला की त्याची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर जाते, ईमेलने जाते. ती कुणाला मिळते? जी आधीच आपल्या यादीत आहे तिला. म्हणजे आपणच लिहायचं आणि आपणच वाचायचं. जिला आपल्या संघटनेचं नावही माहीत नाही, जी रात्री सगळे झोपल्यावर फोनवर काहीतरी टाइप करून बघते, तिच्यापर्यंत यातलं काहीच जात नाही.

गूगलसारखं शोधयंत्र चालतं कसं, ते थोडक्यात सांगते. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणारी. शोधयंत्राकडे अशी एक प्रचंड सूची असते. त्याचा फिरता रोबो एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने जातो, पान वाचतो आणि सूचीत नोंद करतो. बाई प्रश्न टाइप करते तेव्हा उत्तर त्या सूचीतून येतं. सूचीत नाही ते तिच्या दृष्टीने नाहीच. व्हॉट्सअॅपच्या गटात आणि ईमेलच्या पेटीत हा रोबो शिरत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून अंकातल्या प्रत्येक लेखाला वेबसाइटवर स्वतःचं उघडं पान हवं, त्याचं स्वतःचं शीर्षक हवं, आणि मुखपृष्ठावरून तिथपर्यंत दुवा हवा. चाळीस पानांची एकच पीडीएफ आणि तिचं नाव ‘फायनल तीन’, याने काम होत नाही.

मराठीची आपली एक खास अडचण आहे. आपले जुने अंक श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फाँटमध्ये जुळवलेले आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतं. यंत्राच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. फाँट वर मराठीचा मुखवटा चढवतो, इतकंच. त्यामुळे ‘पोटगी’ हा शब्द अंकात पन्नास वेळा असला तरी सूचीत एकदाही जात नाही. परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. भलतंच काही उमटलं तर तो बदलून घ्यावा लागेल. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, तेव्हा मुद्रितशोधनाला माणूस लागतोच. स्कॅन केलेल्या पानांचं म्हणाल तर ती चित्रं आहेत. चित्रातली अक्षरं गूगल कधी वाचतं, कधी नाही. त्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मला जरा भांडायचं आहे. आपल्या लेखांची शीर्षकं कशी असतात? ‘पितृसत्ता आणि कुटुंबसंस्था : काही प्रश्न’. चर्चासत्राला हे शोभतं. पण केंद्रावर येणारी बाई कधी म्हणते का, की मला पितृसत्तेचा त्रास आहे? ती म्हणते, ‘नवरा मारतो’, ‘घरातून हाकललं’, ‘पोरं देत नाहीत’, ‘खर्चाला पैसे देत नाही’. शोधताना ती हेच टाइप करते किंवा बोलून विचारते. हे शब्द पानावर नसतील तर त्या जागी कुणाचं तरी पान वर येणारच. ते एखाद्या वकिलाच्या जाहिरातीचं असेल किंवा ‘संसार टिकवण्याचे दहा उपाय’ असंही असेल. आपल्या केस-नोंदींच्या वह्या म्हणजे या शब्दांचा खजिना आहे. शीर्षकं तिथून घ्या. वैचारिक मांडणी आत करा, कोण अडवतंय?

यात एक पेच आहे. इतकं स्पष्ट शीर्षक फोनच्या इतिहासात राहतं आणि फोन पुष्कळदा नवऱ्याच्याही हातात असतो. म्हणून शीर्षक गुळमुळीत करावं, हे मला पटत नाही. मग ते तिला सापडणारच नाही. त्यापेक्षा अशा प्रत्येक पानावर अगदी वर दोन ओळी असाव्यात : हे पान इतिहासातून कसं पुसायचं, आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

बाकीची तांत्रिक कामं फार नाहीत. वर्डप्रेसवर साइट असेल तर ‘वाचन’ सेटिंगमध्ये शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक खूण असते. साइट बनवताना कुणीतरी ती करतं आणि मग ती तशीच राहते. ती आधी बघा. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. तिथे साइट नोंदवून साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, देता येते. नोंद व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. काय नोंदलं गेलंय ते बघायचं तर शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, त्याला जोडून विसर्गासारखी दोन टिंबं द्या आणि जागा न सोडता आपला पत्ता लिहा. ‘पैसे द्या, नैसर्गिक निकालांत पहिला नंबर आणून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. जास्त फेऱ्या मारण्यासाठी किंवा वरचं स्थान देण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. जाहिरातीची जागा वेगळी. त्यापेक्षा आपण एकमेकींच्या लेखांना दुवे देऊ. रोबो त्याच वाटेने येतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. जे सापडावं ते सापडायला हवं, तसं जे सापडू नये ते सापडता कामा नये. जुन्या अंकांत आपण बायकांच्या कहाण्या छापल्या. कधी नावानिशी, कधी नाव बदलून पण गाव, जात, नवऱ्याची नोकरी तशीच ठेवून. तेव्हा अंक पाचशे जणींत फिरायचा. तोच मजकूर युनिकोडमध्ये उघड्या पानावर ठेवला की तिच्या मुलीला स्थळ पाहायला येणारा माणूसही तो काढू शकतो. छापायला तिने दिलेली संमती या उघड्या पानाची नव्हती. ती पुन्हा विचारावी लागेल. जिथे विचारणं शक्य नाही तिथे कहाणी कपाटात राहू दे. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे.

पान लपवायचं म्हणून पुष्कळजण ‘रोबोट्स’ नावाच्या फाइलमध्ये मनाई लिहितात. त्या मनाईने रोबो पान वाचत नाही, पण दुसरीकडून दुवा असला तर पत्ता सूचीत येऊ शकतो. पानावरच ‘नोइंडेक्स’ ही सूचना द्यावी लागते, आणि ती वाचता यावी म्हणून रोबोला आत येऊ द्यावं लागतं. नाजूक मजकुराला मात्र पासवर्ड लावावा किंवा तो काढूनच टाकावा.

कायद्याच्या लेखांचंही तसंच. पोटगीवरच्या जुन्या लेखांत फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आहे. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. ४९८-अ आता न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ मध्ये आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे तसाच आहे. जुने लेख काढू नका, बायका अजूनही जुनेच आकडे शोधतात. लेखाच्या वर तारखेसह नवीन कलम लिहा.

चहानंतर प्रत्येक गटाने आपला एक जुना अंक उघडायचा आहे. लॅपटॉप चार आहेत, तेव्हा तिघी-तिघींनी बसा. कहाण्यांच्या सदरापासून सुरुवात करू.