सूर्योदय आणि आपला खडक

(मंडळाच्या मासिक सभेत छायाचित्रांसह दिलेले भाषण)



आम्हां चौघा हौशी सभासदांना छायाचित्रणावर बोलण्याचा मान आपण दिलात, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमच्यापाशी शास्त्र थोडे आणि अनुभव त्याहून थोडा. म्हणून आज दोनच चित्रे दाखवणार आहोत. पहिले फसलेले, दुसरे त्या मानाने बरे. दोन्ही एकाच जागेची, मेहरानगडाच्या पायथ्याशी असलेल्या उघड्या खडकाची.

पहिले चित्र पाहावे. आकाश केशरी, सूर्यबिंब ठसठशीत. खाली मात्र काळा ढीग. चूक सरळ होती. कॅमेरा सूर्याकडे रोखला, प्रकाशमापकाने उजळ आकाशाचे माप घेतले आणि खडक अंधारात बुडाला. आम्ही मात्र खूश होतो. हे चित्र आम्ही मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांना नेऊन दाखविले. नोकरीनिमित्त चाळीस वर्षांपूर्वी ते साताऱ्याहून जोधपुरास आले. त्यांच्या बैठकीत अजिंक्यताऱ्याचे चित्र आहे. गुडघ्यांमुळे आता त्यांना चढ चढवत नाही. चित्र निरखून ते म्हणाले, "सूर्य उत्तम आहे. तो साताऱ्यासही असाच उगवतो. पण आपला खडक कोठे आहे?"

'आपला' हा शब्द आम्हांस लागला. इतकी वर्षे येथे राहून, सह्याद्रीच्या आठवणी काढताना, पायाखालच्या दगडाला आपण कधी आपला म्हटले होते काय?

मग आम्ही थोडे वाचन केले. राव जोधांनी १४५९ साली ज्या टेकडीवर किल्ल्याचा पाया घातला, तिचा खडक ज्वालामुखीतून निघालेला आहे. त्याचे नाव रायोलाइट. वय सुमारे ७५ कोटी वर्षे. तप्त राखेचे थर साचले, आपल्याच उष्णतेने व भाराने घट्ट जुळले, आणि निवताना आकसून त्यांना उभ्या भेगा पडल्या. आटलेल्या तळ्याचा चिखल तडकतो, तसेच हे. त्यातून बहुकोनी खांब तयार झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने येथील खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान दिला आहे. मुंबईस अंधेरीत गिल्बर्ट हिलचे उभे खांब ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही ठेवण ओळखीची वाटेल. तो काळा बेसाल्ट, वयाने साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. हा तांबूस आणि त्याहून कितीतरी वडीलधारा. पण दोघेही अग्नीचेच पुत्र. खडकाच्या फटींतून वाढणाऱ्या काटेरी झुडपालाही मारवाडी माणूस आपल्यासारखेच 'थोर' म्हणतो.

तीन आठवड्यांनी, जानेवारीत, आम्ही पुन्हा गेलो. जोधपूर आणि मुंबई जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. तरी आपण उत्तरेस असल्याने ऐन हिवाळ्यात येथे सूर्य सुमारे पाव तास उशिरा उगवतो. आम्ही पाऊण तास आधीच पोहोचलो. तिपाई रोवली. थंडीने बोटे वाकत नव्हती. या वेळी सूर्याकडे तोंड केले नाही, आणि त्याला थेट पाठीशीही घेतले नाही. पाठीमागून आलेला प्रकाश खडकाला सपाट करतो. सूर्य खांद्याच्या बाजूस ठेवला, माप खडकाचे घेतले, आणि कॅमेऱ्याची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद केली. कारण पहाटेचा तांबूसपणा हा दोष समजून ती तो धुऊन टाकते.

क्षितिजावरच्या सूर्याचे किरण वातावरणाचा लांब पल्ला तुडवीत येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरतो, तांबडा पोहोचतो. तो तिरपा प्रकाश खडकावर पडला आणि एकेक खांब वेगळा झाला. प्रत्येकाची एक कड उजळ, दुसरी सावलीत. दगड निखाऱ्यासारखा दिसत होता. त्याचा जन्म आगीतला आहे हे आम्ही पुस्तकात वाचले होते. तेव्हा ते डोळ्यांनी पाहिले. पाच-दहा मिनिटांत ऊन पांढरे झाले आणि सारे पुन्हा नेहमीसारखे दिसू लागले.

हे ते दुसरे चित्र. यात सूर्य कोठेही नाही. किल्ल्याचाही एक कोपराच आला आहे.

याची मोठी प्रत आम्ही त्या ज्येष्ठांना दिली. त्यांनी ती बराच वेळ मांडीवर ठेवली, भेगांवरून बोट फिरवले आणि अजिंक्यताऱ्याशेजारी खिळा ठोकावयास सांगितले. आता दोन्ही डोंगर एका भिंतीवर आहेत.

मंडळींनो, आमची विनंती एवढीच. एका हिवाळी पहाटे मुलांना घेऊन तेथे जावे. कॅमेरा नसला तरी चालेल. सूर्य उगवताना सारे जण पूर्वेकडे पाहतील. आपण जरा वळून खडकाकडे पाहावे.