लिहिणाऱ्यांस आणि वाचणाऱ्यांस

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील साहित्य-मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील एक साधे अधिकारी. पदवी बी. ए.ची, विद्वत्तेचा अधिकार आम्हांस नाही. जे सांगणार आहोत ते चुका करून शिकलेले आहे, म्हणून आरंभ स्वतःच्या फजितीनेच करतो.

१९९६ साली आम्ही आमची पहिली कथा एका मासिकाकडे धाडली. कथेत कोकणातील घर होते, माड होते, तुळशीपुढचा दिवा होता. वस्तुतः आमचे बालपण वडिलांच्या बदल्यांपायी रेल्वेच्या वसाहतींत गेले. कोकण पाहिले ते दोन उन्हाळी सुट्ट्यांत. कथा साभार परत आली. सोबत संपादकांची एक ओळ होती : ‘हे घर आपण पाहिलेले दिसत नाही.’ महिनाभर आम्ही रुष्ट होतो. मग कथा पुन्हा वाचली आणि त्यांचे म्हणणे पटले.

नव्या लेखकास पहिली सूचना हीच : पाहिलेले लिहावे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ लिहिली ती आपल्याच मुलखातील माणसांविषयी. जी. ए. कुलकर्णी धारवाडास इंग्रजी शिकवीत राहिले आणि तेथूनच त्यांनी मराठी कथेस नवी उंची दिली. पुण्या-मुंबईचे अंतर त्यांच्या आड आले नाही. मग आपल्या या गंगाकाठच्या शहरातील लू, बदलीच्या सामानाचे ट्रक, पलीकडच्या भाभीजी आपल्या कथेत का नसाव्यात?

दुसरी सूचना भाषेची. कचेरीतील टिप्पणीची भाषा लेखणीस चिकटते. आमच्या एका नायिकेने आईस पत्र लिहिताना ‘उपरोक्त बाबीसंबंधी’ असे लिहिले होते! संवाद लिहून झाला की मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळेल तेथे वाक्य बदलावे. मात्र बोलीतील भेसळ सरसकट पुसू नये. आपल्या घरांत आजी विचारते, ‘दही लागलं का?’ आणि नातू उत्तरतो, ‘हो, जमलं.’ या दोन क्रियापदांतच एका स्थलांतरित कुटुंबाची कथा आहे.

तिसरी सूचना धीराची. कथा पुरी झाली की महिनाभर बाजूस ठेवावी. नंतर पहिला परिच्छेद झाकून वाचून पाहावे. कथा बहुधा दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होत असते.

आता वाचकांविषयी. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला. वाट पाहणारा वाचक असतो, म्हणून लेखक लिहितो. आवडलेले पुस्तक दोनदा वाचावे : एकदा कथेसाठी, एकदा ती कशी रचली आहे हे पाहण्यासाठी. अडलेला शब्द वहीत टिपावा. आणि उसने नेलेले पुस्तक परत करावे!

गेल्या वर्षी मंडळाची खोली अपुरी पडू लागली, तेव्हा ग्रंथालयाची कपाटे काढून टाकावीत असा विचार निघाला. आम्हीही त्यास संमती देणार होतो. त्याच आठवड्यात आम्ही एका वृद्ध सभासद भगिनींकडे गेलो. त्यांची दृष्टी अधू झालेली. दहावीतील नात त्यांना ‘बनगरवाडी’ वाचून दाखवीत होती. लिपी तिला हिंदीमुळे येत होती. शब्दांशी मात्र ती अडखळत होती. आजी डोळे मिटून एकेक शब्द उलगडून सांगत होत्या. एका पानास अर्धा तास लागला. पण दोघींपैकी कोणीही उठले नाही. आम्ही परतलो आणि कपाटांच्या बाजूने मत दिले.

कपाटे आज आहेत. पुढील पन्नास वर्षे ती ठेवावयाची की नाही, हे सभेतील ठरावाने ठरणार नाही. म्हणून प्रत्येक घरास आमची एकच विनंती आहे : रोज एक पान, मोठ्याने, मुलांसमवेत. त्या मुलांतूनच कोणी उद्या या शहराची कथा मराठीत लिहील.