जावयाच्या घरी सासूबाई



आईने लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, हा संकेत आपल्या समाजात अद्याप मुरलेला आहे. अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंना मी घरी आणले, तेव्हा त्यांना चिंता आजारापेक्षा ह्याचीच अधिक! उशाखालच्या पाटल्या पुढे करून त्या म्हणाल्या, "जावईबापू, ह्या मोडा, म्हणजे मला इथले अन्न गोड लागेल."

खर्च मोठा होता हे खरे. हवेची गादी, औषधे आणि दोन पाळ्यांच्या बायका. माझे निवृत्तिवेतन पुरेना. सन २०२४ पासून सत्तर व त्यापुढील वृद्धांना आयुष्मान योजनेतून दरसाल ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही. रात्रीची बाई बंद करावी लागली.

आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी सन २००७ च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवरही ठेवली आहे. तो आधार घेऊन मी जमाखर्चाची वही मेहुण्यांपुढे ठेवली. धाकट्यांनी ती चाळली व विचारले, "ताईची रात्रपाळी कोठे मांडली आहे?"

मी खजील झालो. पाठीस जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी उठून आईची कूस पालटीत होती ती माझी पत्नी. आणि एवढ्या काटेकोर वहीत तिच्या नावे एक ओळ नव्हती!

आता थोरले मेहुणे दरमहा पैसे धाडतात. धाकटे आठवड्यातून दोन रात्री उशाशी बसतात. त्या रात्री पत्नी सलग झोपते. पाटल्या अद्याप उशाखालीच आहेत.